वर्कस्टेशन नावाचं गाठोडं

पाव किलो वांगी घेताना आमचा सोलापूरकर अर्धा तास घालवतो. देठ बघतो, दाबून बघतो, कीड शोधतो, भाव ऐकून दोन पावलं मागं जातो आणि शेवटी वर कोथिंबीर मागतो. तोच माणूस दोन लाखांचा लॅपटॉप घ्यायला गेला की मात्र नव्या जावयासारखा अवघडून बसतो. दुकानदार म्हणतो, "मालक, आय-नाइन आहे." हा म्हणतो, "हूं." "ग्राफिक्स डेडिकेटेड आहे." "हूं." "भविष्याचा विचार करा, मालक!" "हूं हूं!" माझं भांडण आहे ते या हुंकाराशी.

हल्ली हा हुंकार 'पोर्टेबल वर्कस्टेशन' या वस्तूपुढं फार ऐकू येतो. ती वस्तू काय हे मीच सांगतो, कारण दुकानात कोणी सांगत नाही. टेबलावरच्या दणकट संगणकाचं काम करील असा हा लॅपटॉप. त्यात भारी ग्राफिक्स कार्ड असतं. पूल, इंजिनं, इमारती यांची घन चित्रं काढणारी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या कंपन्यांनी 'हे मॉडेल आमच्याशी नीट वागतं' असं प्रमाणपत्र दिलेलं असतं. काहींच्या मेमरीत तर स्वतःची चूक स्वतःच ओळखून गुपचूप दुरुस्त करण्याची सोय असते. (ही सोय माणसांत आली तर निम्मे संसार सुखाचे होतील, पण ते असो.) रानात रस्त्याची मोजणी करून तिथंच नकाशा करणारा इंजिनिअर, चित्रीकरणाच्या गावी रात्री बसून फिल्म जोडणारा संकलक, अशांनी ते खुशाल घ्यावं. त्यांच्या वाटेला मी जात नाही.

पण 'पोर्टेबल' म्हणजे काय हो? १९८१ साली ऑस्बोर्न नावाचा पहिला खपलेला पोर्टेबल संगणक आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची. सोलापुरी चादरींचं गाठोडं उचलावं तसा तो उचलायचा. आजचं मोठ्या पडद्याचं वर्कस्टेशन तीन किलोच्या आसपास, आणि वर विटेएवढा चार्जर. हा चार्जर घरी विसरायची सोय नाही. विमानात विनापरवानगी सोबत नेता येणाऱ्या बॅटरीला १०० वॉट-तासांची मर्यादा आहे, म्हणून कारखानदार बॅटरी त्याच्या आतच ठेवतात. यंत्र जोरात राबू लागलं की शंभराहून जास्त वॉट सहज पितं. पुढचं गणित पाचवीतल्या पोरालाही येईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतनं सोलापुराहून मुंबईला निघालात आणि पूर्ण जोमात काम काढलंत, तर कुर्डुवाडीच्या आगेमागे बॅटरी राम म्हणणार. पुढं सॉकेट शोधा.

त्यात आमचं ऊन. यंत्राच्या माहितीपत्रकात अगदी शेवटी, मुंगीच्या अक्षरात, 'वापराचं तापमान' लिहिलेलं असतं. बहुतेकांत ते ३५ अंशांपर्यंत असतं. पस्तीस! एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आम्ही पस्तिसाला थंडी म्हणतो. आत जागा कमी, चिप तापलेली, बाहेरची हवा त्याहून वैतागलेली. मग चिप जळू नये म्हणून यंत्र आपला वेग आपणच कमी करतं. म्हणजे पैसे घोड्याचे मोजायचे आणि ऐन उन्हाळ्यात बसायचं खेचरावर.

हे सगळं मी बोलतोय ते आमच्या शेजारच्या पोरामुळे. तो चादरी आणि टॉवेलांची डिझाइनं काढतो. नोकरी सोडून स्वतःचा धंदा टाकायचा म्हणतोय, आणि त्याची पहिली पायरी म्हणून दोन लाखांचं वर्कस्टेशन. पैसे पतसंस्थेचे, जामीन वडील. हे वडील तरुणपणी पूर्व भागात ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवायचे. एका ओळीला एक पत्ता, पत्त्याला भोकं, पत्त्यांची माळ जेकार्डावर. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. जाकारनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती फ्रान्समधल्या लियोंमध्ये बसवली. पुढं बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी हेच भोकांचे पत्ते उचलले. त्याच्याकडं जाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. म्हणजे नात्यानं माग हा संगणकाचा आजा. आणि मागवाल्यांच्या गावात येऊन दुकानदार आम्हाला संगणक शिकवतो!

वडिलांनी मला विचारलं, "तुम्ही सांगा, घ्यायचं का?" मी पोराला विचारलं, "बाबा रे, तुझं काम कुठं होतं?" "टेबलावर, काका." "दिवसभर?" "रात्रीसुद्धा." "आणि ही चित्रं घन असतात का?" तो हसला. अहो, आजही सगळं चौकोनांचंच काम! पत्ते जाऊन फाइल आली, एवढंच. पुलांच्या घन चित्रांसाठी बनवलेलं ते भारी कार्ड इथं बहुतेक वेळ झोपा काढणार, आणि कर्जाचा हप्ता मात्र जागा राहणार. याला हवाय मोठा पडदा, रंग खरे दाखवणारा. स्क्रीनवरचा मरून टॉवेलावर विटकरी उतरला की परत आलेला माल कोणाच्या अंगावर? मेमरी भरपूर हवी. कार्ड साधं चालेल.

"पण काका, मागाजवळ न्यावं लागलं तर?" न्यावं लागलं तर हलका, स्वस्त लॅपटॉप ने. मागाच्या शेडमध्ये हवेत कापसाची रुई उडत असते; ती पंख्यात बसून जाम व्हायची तर दोन लाखांची कशाला व्हावी?

"भविष्यात लागेल" हा दुकानदाराचा हुकमी एक्का. भविष्यात काय लागेल ते भविष्यात विकत मिळतं, आणि बहुधा स्वस्तात. आज एवढंच विचारावं, की मेमरी पुढं वाढवता येते की बोर्डालाच डकवलीय? आपली स्वतःची, सगळ्यांत जड फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी आणि दुकानातच तासभर चालवून बघावी. यंत्राला हात लावून बघावा, पंख्याचा आवाज ऐकावा. दुकानदार चुळबुळला तर चुळबुळू द्यावा, वांगीवाली चुळबुळत नाही का? 'ऑनसाइट सर्व्हिस' म्हणाला तर साइट कोणती ते लिहून घ्यावं. माझ्या ओळखीच्या एका वकिलांची 'साइट' पुण्यात निघाली. लॅपटॉप तिकडं अडीच आठवडे, आणि इकडं अशील रोज सकाळी दारात.

पोरानं शेवटी टेबलावरचा संगणक घेतला, शेजारी मोठा पडदा, आणि दाखवायला एक हलका लॅपटॉप. कर्ज निम्म्यावर आलं. दुकानदारानं बिल करता करता माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मालक, निदान वर्कस्टेशनची बॅग तरी घेऊन जा. भविष्यात लागेल."