कितवीत आहेस रे तू?

आपल्याकडे लहान मुलाला भेटल्यावर विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "नाव काय तुझं?" दुसरा, "कितवीत आहेस?" आणि मूल जरा मोठं असेल तर तिसरा, "किती टक्के पडले?" लग्न असो, मुंज असो, नाहीतर एस.टी.तला शेजारी असो, या तीन प्रश्नांत मुलाची अख्खी कुंडली मांडून होते. पण समजा, एखाद्या मुलाकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरच नसेल तर?

माझ्या आतेभावाकडे ते नाहीये. तो नऊ वर्षांचा आहे आणि गेल्या जूनपासून शाळेत जात नाही. आजारी नाही, नापास झाला म्हणून नाही, फी थकली म्हणूनही नाही. वर्गात महिनाभर जे शिकवायचे ते त्याचं दोन दिवसांत व्हायचं आणि उरलेले दिवस तो खिडकीबाहेर बघत बसायचा. प्रगतिपुस्तकात शेरा, "वर्गात लक्ष नसते." शेवटी आत्याने आणि काकांनी त्याला घरीच शिकवायचं ठरवलं. आत्याने त्यासाठी नोकरी सोडली. म्हणजे हा काही चार दिवसांचा शौक नाही.

साहजिकच घरात चर्चासत्रं सुरू झाली. आजी म्हणते, "बोर्डाचं काय?" बाबा म्हणतात, "पुढे अ‍ॅडमिशन कोण देणार?" आणि सगळ्यांनी मिळून माझ्यावर एक काम सोपवलं: "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग दर महिन्याला त्याचा एक पेपर काढ आणि मार्क दे. प्रगती कळायला नको?"

प्रगती कळायला हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण मार्क आणि प्रगती या दोन्ही एकच गोष्टी आहेत का, यावर मला बोलायचंय. माझं मत आधीच सांगून टाकते. घरी शिकणाऱ्या हुशार मुलाचं मोजमाप झालंच पाहिजे, पण ते त्याला पुढे काय द्यायचं हे ठरवण्यासाठी. नातेवाइकांना दाखवण्यासाठी नाही, आणि आईबाबांना रात्री शांत झोप लागावी म्हणून तर अजिबात नाही.

मित्रमैत्रिणींनो, मोजमापाचा अनुभव आपल्याला कमी आहे का? मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. तिथे दर सोमवारी टेस्ट आणि रिपोर्ट कार्डवर लाल शाईत रँक. मग दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, सीईटीचं पर्सेंटाइल, आता सीजीपीए. आपण सगळे मोजून मोजूनच या कॅम्पसमध्ये पोचलो आहोत. म्हणूनच मापाची हद्द कुठे संपते हेही आपल्याला कळायला हवं.

फर्स्ट इयरच्या लॅबमधला काट्याचा मल्टिमीटर आठवा. १० व्होल्टच्या रेंजवर ठेवून ४० व्होल्ट लावले की काटा उजव्या टोकाला जाऊन आपटतो आणि सर ओरडतात, "अरे, रेंज बदला!" तेव्हा काटा टोकाला टेकलाय म्हणून जर्नलमध्ये '१० व्होल्ट' असं कोणी लिहीत नाही. पण हुशार मुलाने आपल्या इयत्तेच्या पेपरात १०० पैकी १०० मिळवले की आपण नेमकं तेच करतो. 'शंभर' लिहितो आणि पेढे वाटतो. काटा टेकला होता, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

ही गोष्ट एका प्राध्यापकांनी फार पूर्वी ओळखली होती. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे ज्युलियन स्टॅन्ली. त्यांनी १९७१ मध्ये गणितात हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला आणि १२-१३ वर्षांच्या मुलांना सॅटचा पेपर दिला. सॅट ही तिकडे कॉलेजप्रवेशासाठी सतरा-अठरा वर्षांची मुलं देतात ती परीक्षा. शाळेच्या परीक्षेत जी मुलं एकसारखी टोकाला टेकलेली दिसायची, त्यांच्यात केवढा फरक आहे ते या पेपरात दिसलं. स्टॅन्लींनी मुलं बदलली नाहीत, फक्त रेंज बदलली.

आपल्याकडे घरी शिकणाऱ्या मुलांना एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी देता येते. सोय चांगली आहे, आजीच्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे. पण त्यासाठी वय किमान १४ हवं. म्हणजे भावाची तयारी अकराव्या वर्षी झाली तरी तीन वर्षं थांबायचं. ही परीक्षा त्याच्यासाठी दार आहे, फूटपट्टी नव्हे.

आता थोडं आमच्या ब्रँचबद्दल. आम्हा ई अँड टीसीवाल्यांना कंट्रोल सिस्टिम्स नावाचा विषय आहे आणि त्याचा जीव आहे फीडबॅक. आउटपुट मोजायचं, हवं होतं त्याच्याशी ताडून बघायचं आणि त्या फरकावरून पुढचं इनपुट ठरवायचं. ही कल्पना मशीनपासून माणसाच्या शरीरापर्यंत सगळीकडे लागू होते, असं सांगणारे गणितज्ञ म्हणजे नॉर्बर्ट वीनर. 'सायबरनेटिक्स' हे त्यांचं पुस्तक १९४८ चं. आणि गंमत म्हणजे हे वीनर लहानपणी घरी शिकलेले, हुशार म्हणून गाजलेले मूल होते!

नॉर्बर्टचा जन्म १८९४ चा. वडील लिओ वीनर हार्वर्डमध्ये स्लाव्हिक भाषांचे प्राध्यापक. सात वर्षांच्या नॉर्बर्टला शाळेत घातलं, तर तो अडला कुठे? साध्या अंकगणितात. आकडेमोड हळू, चुका भरपूर. शाळेच्या मापाने तो गणितात कच्चा होता. वडिलांनी ओळखलं, की पोराला समजतंय पुष्कळ, तो घोकंपट्टीला कंटाळलाय. त्यांनी त्याला शाळेतून काढलं आणि घरी थेट बीजगणित सुरू केलं. पुढचा इतिहास सगळ्यांना थक्क करणारा आहे. ११ व्या वर्षी, १९०६ मध्ये, हायस्कूल संपवून टफ्ट्स कॉलेजात प्रवेश, १४ व्या वर्षी पदवी आणि १९१३ मध्ये, १८ व्या वर्षी, हार्वर्डची पीएच.डी.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. 'एक्स-प्रॉडिजी' या १९५३ च्या आत्मचरित्रात वीनर यांनी त्या घरच्या वर्गाचं वर्णन केलंय. धडा छान गप्पांमध्ये सुरू व्हायचा. पण पहिली चूक झाली की वडिलांचा आवाज चढायचा, आणि मग रागावणं, रडणं, आईने मध्ये पडणं. प्रत्येक चूक, त्याच क्षणी, पूर्ण जोराने दुरुस्त. त्यात १९११ मध्ये वडिलांचं म्हणणं एका मासिकात छापून आलं: माझी मुलं मुळात काही असामान्य नाहीत, हे सगळं त्यांना दिलेल्या शिक्षणाचं फळ आहे. सतरा वर्षांच्याही आतल्या नॉर्बर्टने ते वाचलं. त्याने त्याचा अर्थ असा घेतला, की यश मिळालं तर ते वडिलांचं आणि अपयश आलं तर ते मात्र माझं. हा घाव त्यांनी चाळीस वर्षांनंतर लिहून ठेवलाय. सगळी मापं टॉपची, आणि मुलाच्या नावावर मात्र काहीच जमा नाही!

याच वीनर यांच्या 'सायबरनेटिक्स'मध्ये एक फार बोलका मुद्दा येतो. दुसऱ्या महायुद्धात ते विमानविरोधी तोफांच्या नेमबाजीवर काम करत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की फीडबॅक प्रमाणाबाहेर वाढला तर यंत्र नेम धरण्याऐवजी लक्ष्याच्या या बाजूला, त्या बाजूला असं झोके घेत राहतं. माणसात असं होतं का, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका शरीरशास्त्रज्ञाला विचारलं. उत्तर आलं, हो. लहान मेंदूला इजा झालेला माणूस पेन्सिल उचलायला जातो तेव्हा त्याचा हात पुढे जातो, मागे येतो, थरथरतो, पण पेन्सिल काही सापडत नाही. वडिलांच्या वर्गाचा आणि या सिद्धांताचा संबंध मी जोडणार नाही. पण दर महिन्याला पेपर काढा म्हणणाऱ्यांना मला हा थरथरणारा हात दाखवावासा वाटतो.

मग मोजायचंच नाही का? "मुलांना मोकळं सोडा, सगळं आपोआप येतं" असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. फीडबॅकच नसेल तर सिस्टिम भरकटते. शिवाय आपलं मूल कौतुकाचं असलं की आईबाबांना ते सगळ्यात पुढेच दिसतं. त्यामुळे बाहेरचा आरसा लागतोच. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण घ्या. सातवीनंतर तिने शाळा सोडली, घरी शिकली, दहावी-बारावीची सर्टिफिकेटं नाहीत. बारावी नाही म्हणून आय.आय.टी.चं दार बंद. पण प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवल्यावर २०१६ मध्ये तिला एम.आय.टी.त प्रवेश मिळाला. तिचंही मोजमाप झालंच की! फक्त ती पट्टी तिच्या उंचीला पुरणारी होती. अर्थात प्रत्येक मूल ऑलिंपियाडला जाणार नाही. माझा भाऊसुद्धा कदाचित जाणार नाही, आणि गेलाच पाहिजे असंही नाही.

म्हणून मी आत्याला महिन्याच्या पेपरला नकार दिला आणि त्याऐवजी चार गोष्टी सुचवल्या. एक, प्रत्येक विषयात तो जिथे अडतो तिथपर्यंत वर जायचं. शंभर मार्क पडले म्हणजे पेपर सोपा होता, एवढंच समजायचं. दोन, एक वही. आज काय अडलं आणि कशाने सुटलं, हे त्याने स्वतः तारीख टाकून लिहायचं. तीन महिन्यांपूर्वी अडलेली गोष्ट आज सहज सुटतेय का, हे पान उलटून दिसतं आणि ते त्याला स्वतःला दिसतं, हे महत्त्वाचं. तीन, शिकलेलं आजीला समजावून सांगायचं. आजी "हं हं" म्हणून सोडून देणाऱ्यातली नाही, त्यामुळे तिची व्हायवा आपल्या एक्स्टर्नलपेक्षा कडक असते. आणि चार, वर्षातून दोनदा नात्यात नसलेल्या एखाद्या शिक्षकांनी त्याच्याशी तासभर बोलायचं, वही बघायची आणि स्पष्ट मत द्यायचं.

यात एक आकडा कुठेच निघत नाही, हे मला मान्य आहे. निघणारही नाही. कारण माझा भाऊ गणितात आठवीत आहे, मराठी शुद्धलेखनात तिसरीत, आणि कॅरममध्ये हरल्यावर थेट बालवाडीत! याची सरासरी काढून काय मिळणार? उलट ही तीन उत्तरं वेगवेगळी ठेवली तरच कळतं, की उद्या त्याला कठीण गणित द्यायचंय, शुद्धलेखन रोज दहा ओळी, आणि संध्याकाळी खाली खेळायला पाठवायचंय.

शाळा वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६९ पासून खास बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला चालवली आहे. पण अशी शाळा प्रत्येक गावात नाही आणि प्रत्येक आईला नोकरी सोडणं परवडत नाही. येत्या जूनमध्ये आत्याला पुन्हा ठरवायचंय, घरीच ठेवायचं की शाळेत परत पाठवायचं. निर्णय काहीही होऊ दे. तो घेताना समोर माझ्या लाल शाईतले मार्क नसावेत, त्याची वही असावी. आणि ती वाचायला तोही शेजारी बसलेला असावा.