दसऱ्याला गाडीचा एसी फिल्टर बदला
चाकं आणि माणसं / सारथी

पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला, की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो : गाडीत ठेवायचं एअर प्युरिफायर घ्यावं का, आणि घ्यायचं तर कुठलं? विचारणारे बहुतेक दादर, माहीम, परळकडचे. कुणाच्या मुलाला दमा आहे, कुणाला सत्तरी ओलांडलेल्या आईला नेमाने डॉक्टरकडे न्यावं लागतं. प्रश्न रास्त आहे. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांसाठी २७ मुद्द्यांची नियमावली काढली, रस्ते धुवायला टँकर आले. त्या हिवाळ्यापासून गाडीतल्या हवेचा विचार घराघरांत सुरू झाला, हे चांगलंच झालं. माझं उत्तर मात्र ठरलेलं असतं. प्युरिफायरचं नंतर बघू, आधी गाडीचा एसी फिल्टर काढून दाखवा.

तो कुठे असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. बहुतेक गाड्यांत तो डाव्या सीटसमोरच्या, कागदपत्रं ठेवायच्या कप्प्यामागे असतो. कप्पा रिकामा करायचा, त्याच्या दोन्ही कडा आत दाबून तो खाली सोडायचा, की मागे प्लास्टिकचं लांबट झाकण दिसतं. ते खटकन निघतं आणि फिल्टर हातात येतो. पाना-पेचकस लागत नाही. काही जुन्या छोट्या गाड्यांत कंपनीने फक्त खाच दिलेली असते, फिल्टर बसवलेलाच नसतो. तो वेगळा विकत घेऊन बसवावा लागतो. तुमची गाडी त्यातली आहे का, हेही एकदा बघून घ्या.

अलीकडेच शिवाजी पार्कामागच्या एका गल्लीत एका स्नेह्यांच्या गाडीचा फिल्टर आम्ही असाच काढला. मूळचा पांढरा असणार. वरच्या बाजूला घड्याघड्यांत बारीक तांबूस माती बसलेली. ती झटकली तर खाली काळपट, तेलकट थर, बोटाला लागला की साबणाशिवाय न निघणारा. मधे गुलमोहराची वाळकी पानं आणि पारव्याची दोन-तीन मऊ पिसं. आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडून पाडलेलं, दोन बोटं जातील एवढं भोक. हवा सोपी वाट धरते. एवढं भोक असलं की उरलेल्या फिल्टरचा उपयोग नावापुरताच. गाडीचं सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेलं होतं आणि गॅरेजच्या बिलावर दर खेपेला ‘एसी फिल्टर साफ केला’ असं लिहिलेलं होतं. घरच्यांची तक्रार एवढीच, की एसी पूर्वीसारखा गार करत नाही आणि धाकटीला गाडीत शिंका येतात.

त्या एका फिल्टरवर दादरची सगळी हवा उतरली होती. तांबूस माती शिवाजी पार्कची. मैदानावर टाकलेल्या लाल मातीची धूळ आसपासच्या घरांत जाते म्हणून तिथले रहिवासी वर्षानुवर्षं भांडत आहेत. २०२५च्या जानेवारीत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती सुटी माती काढायला महापालिकेला सांगितलं. पिसं दादरच्या कबुतरखान्याची नसली तरी तिथल्या थव्यांतलीच. प्रकरण कोर्टात असतानाच २०२५च्या ऑगस्टमध्ये कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, लोकांनी ती फाडली. पारवे मात्र आसपासच्या छज्ज्यांवर आहेतच. आणि तो काळा थर रस्त्याचा : दादर टीटी, टिळक पूल आणि सेनापती बापट मार्गावर पुढच्या गाडीच्या धुराड्यामागे रांगेत काढलेल्या वेळाचा.

हे तीन थर वेगळे ओळखता आले तर खरेदी निम्मी सोपी होते. धूळ ही धूळच, असं नसतं. मैदानातली माती जाड कणांची असते. ती नाकातोंडात जाते, खोकला आणते, पण बरीचशी वरच अडकते. धुरातले कण फार बारीक. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. हे कण फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. आपल्या देशाने पीएम २.५ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून ती ५ वर आणली. म्हणून ॲपवर हवा ‘समाधानकारक’ दिसली तरी दम्याच्या मुलाच्या आईने निर्धास्त होऊ नये.

साधा कागदी किंवा कापडी फिल्टर जाड धूळ, पानं, पिसं, परागकण अडवतो. ज्यांची गाडी दिवसभर शिवाजी पार्कला किंवा हिंदू कॉलनीच्या झाडांखाली उभी असते आणि शनिवार-रविवारीच बाहेर निघते, त्यांना तो पुरतो. फक्त वेळेवर बदलला पाहिजे, कारण मातीने तो लवकर चोंदतो. रोज टीटीवरून किंवा टिळक पुलावरून जाणाऱ्याने कार्बनचा घ्यावा. त्यात सक्रिय कोळशाचा थर असतो आणि तो नायट्रोजन डायऑक्साइड, इंधनाच्या वाफा, वास असे वायू काही प्रमाणात धरून ठेवतो. साध्या फिल्टरपेक्षा महाग पडतो, पण दोन्हींतला फरक काही शे रुपयांचाच आहे. कोळशाची धरून ठेवायची ताकद मात्र संपते आणि ती संपलेली डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो स्वच्छ दिसला तरी मुदत झाली की बदलायचा.

तिसरा हेपा. खऱ्या हेपाची व्याख्या कडक आहे : ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. युरोपीय मोजणीत एच-१३ लिहिलेलं असेल तर ९९.९५ टक्के. डब्यावर नुसतं ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ असं असेल तर ते वचन कशालाच बांधलेलं नाही, असं समजा. आणि खरा हेपा मिळाला तरी साध्या फिल्टरसाठी केलेल्या खाचेत तो नीट बसेलच असं नाही. दाट जाळीतून हवा ओढताना ब्लोअरचा जोर कमी पडतो, एसीचा झोत मंदावतो. कडेला चार-पाच मिलिमीटरची फट राहिली तर हवा त्या फटीतूनच आत येते आणि तुम्ही मोजलेले पैसे जाळीत अडकून पडतात. म्हणून माझा कौल कडेला फोमची पट्टी असलेल्या, तुमच्याच गाडीच्या मापाच्या, चांगल्या कंपनीच्या कार्बन फिल्टरला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसकडच्या दुकानांत स्वस्त माल मिळतो. तो घ्यायला हरकत नाही, पण जुना फिल्टर सोबत न्या आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून माप जुळवा. फिल्टरच्या कडेला हवेच्या दिशेचा बाण असतो, बसवणाऱ्याला तो पाहायला लावा.

गॅरेजमध्ये हवेच्या दाबाने फुंकून, क्वचित पाण्याने धुऊन, तोच फिल्टर पुन्हा बसवतात. हे बंद करायला सांगा. चांगल्या फिल्टरच्या धाग्यांवर विजेचा भार दिलेला असतो आणि बारीक कण बरेचसे त्याच ओढीने अडकतात. धुतलं की तो भार कमी होतो. जोराच्या झोताने धागे फाकतात. उरते ती फक्त पानं अडवणारी जाळी. सर्व्हिसिंगच्या बिलात ‘साफ केला’ हा शब्द दिसला तर पैसे द्यायच्या आधी विचारा.

आता प्युरिफायर. कप ठेवायच्या जागेत किंवा डॅशबोर्डवर ठेवायची ही यंत्रं काही हजारांना मिळतात. त्यांचं खरं काम एका आकड्यात कळतं, सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. लहान यंत्रांचा हा आकडा फार तोकडा असतो आणि पुष्कळदा खोक्यावर तो छापलेलाच नसतो. उलट गाडीचा स्वतःचा ब्लोअर पूर्ण जोरावर तासाला शेकडो घनमीटर हवा फिरवतो, आणि गाडीच्या आतली जागा असते जेमतेम तीन घनमीटरची. खिडक्या बंद, आतली हवा फिरवायचं बटण दाबलेलं, फिल्टर चांगला, तर काही मिनिटांत आतले बारीक कण खूप खाली येतात. म्हणजे सर्वांत ताकदीचा प्युरिफायर गाडीत आधीच बसवलेला आहे, आपण त्याचा फिल्टर बदलत नाही इतकंच. २०१९च्या किया सेल्टोससारख्या काही गाड्यांत कंपनीनेच वेगळं यंत्र दिलं. त्यांच्या मालकांनी त्या यंत्राचा फिल्टरही बदलण्याच्या यादीत धरावा.

तरीही कुणाला वेगळं यंत्र घ्यायचंच असेल, घरात दम्याचा पेशंट असेल, तर सीएडीआर लिहिलेलं घ्या आणि बदली फिल्टर कुठे, किती रुपयांना मिळतो ते आधी विचारा. आयन सोडणारी यंत्रं मी घेऊ देणार नाही. त्यांतून ओझोन निघू शकतो, आणि दम्याच्या छातीला ओझोन त्रासच देतो. यंत्र डाव्या सीटसमोरच्या एअरबॅगच्या झाकणावर ठेवू नका, धडक बसली तर ते सुटून तोंडावर येईल. सुगंधाच्या डब्या हवा स्वच्छ करत नाहीत, तिच्यात आणखी रसायनं घालतात. डॅशबोर्डवरच्या गणपतीला खुशाल हार घाला, फूल वाहा, पण बंद गाडीत उदबत्ती लावू नका. तिच्या धुरात तेच बारीक कण असतात.

आतली हवा फिरवायचं बटणही सतत दाबून ठेवायचं नसतं. बंद गाडीत चार माणसं बसली तर दहा-पंधरा मिनिटांत कार्बन डायऑक्साइड दोन हजार पीपीएमच्या पुढे जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. डोकं जड होतं, जांभया येतात आणि चालवणाऱ्याचं लक्ष उडतं. टीटीला बसच्या मागे अडकलात की बटण दाबा, पाच गार्डनच्या झाडांत शिरलात की सोडा. आणि कार्बन मोनॉक्साइड कुठलाही फिल्टर अडवत नाही, कोळशाचाही नाही. इंजिन आणि एसी चालू ठेवून उभ्या गाडीत झोपणं जिवावर बेतू शकतं. यात तडजोड नाही.

बदलायचा कधी? गाडीच्या पुस्तिकेत बहुधा दहा ते पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं असतं, धुळीच्या भागात त्याआधी. मुंबईसाठी मी किलोमीटर मोजत नाही. पावसाळ्यात फिल्टर दमट होतो, हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर कुबट वास महिनाभर राहतो. आणि हवेचा वाईट काळ सुरू होतो तो पाऊस गेल्यावर, वारा पडल्यावर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे नवा फिल्टर दसऱ्याला बसवावा. फुलबाजारातून झेंडूचा हार आणायला निघालेलेच असता, त्याच दिवशी कप्पा उघडा. त्याबरोबर काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या जाळीत साचलेली पानं आणि पिसं हाताने काढा. गाडी बाहेरची हवा तिथूनच आत घेते. रोज टीटी ओलांडणाऱ्याने होळीच्या सुमाराला पुन्हा एकदा बदलावा.

या विषयावर लिहिताना एक माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तो टॅक्सीवाला. तुम्ही-आम्ही गाडीत तास-दीड तास असतो, तो दहा-बारा तास. दादर स्टेशनाबाहेरच्या रांगेत उभा असताना त्याच्या चारी काचा खाली असतात, कारण एसी लावला की गॅस जास्त जातो आणि तो खर्च त्याच्याच खिशातून जातो. भाडं मिळालं, प्रवाशाने सांगितलं, की एसी सुरू. तेव्हा जी हवा झोतातून येते ती कधी बदललेल्या फिल्टरमधून येते, हे तो विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. या शहरात गाडीच्या चांगल्या फिल्टरची सर्वाधिक गरज त्याला आहे, आणि प्युरिफायरच्या कुठल्याही जाहिरातीत तो दिसत नाही.

फिल्टरची किंमत त्याच्या दोन-तीन भाड्यांएवढी. ॲपच्या कंपन्या त्याच्याकडून विमा आणि पीयूसी मागतात, कागद नसला तर गाडी बंद करतात. त्याच यादीत कंपन्यांनी वर्षातून दोनदा एसी फिल्टर घालावा आणि तो स्वतःच्या खर्चाने द्यावा. कंपनी त्याच्याकडून जे पैसे घेते, त्यात हे सहज बसतं. काळ्या-पिवळ्यांच्या संघटनांनी एकत्र खरेदी केली तर घाऊक भावात मिळेल, कारण एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्या आहेत आणि माप एकच आहे. बसवायला मेकॅनिक लागत नाही. स्टँडवर, भाड्याची वाट बघताना, कप्पा उघडून पाच मिनिटांत होतं.