पडताळा म्हणजे प्रत नव्हे

आमच्या नांदेडच्या घरीं कोनाड्यांत चार हार्ड डिस्कांची एक लहानशी पेटी होती. चारांपैकीं एक डिस्क बिघडली तरी उरलेल्या तिघींवरून सर्व माहिती परत मिळते, या भरंवशावर आम्हीं तींत लग्नाचीं छायाचित्रें, मुलांच्या प्रमाणपत्रांच्या नकला आणि लातूरच्या आजीनें म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या सांठवून ठेवल्या होत्या. आजी आतां नाहीं. एके दिवशीं पेटीवरचा तांबडा दिवा लागला. ‘तीन शाबूत आहेत, पाहूं सवडीनें,’ असें म्हणून मीं दीड महिना काढला. आणि मग दुसरी डिस्कही बंद पडली. दोष कोणाचा म्हणाल, तर तो सर्वस्वी माझाच.

विद्यार्थिमित्रांनो, या पेटीची युक्ति तुमच्या गुणपत्रिकेसारखी आहे. तीन विषयांचे गुण आणि चौथी त्यांची बेरीज. एका विषयाचे गुण पुसले गेले तर बेरजेंतून बाकीचे दोन वजा करून ते सांगतां येतात. पण दोन आंकडे पुसले गेले तर मोठा गणितीही हात टेकील. त्यांतून चारही डिस्क एकाच दिवशीं विकत घेतलेल्या, म्हणजे एकाच वयाच्या! पहिलीच्या जागीं नवी बसविली तरी ती भरून काढण्यासाठीं उरलेल्या तिघींना अथपासून इतिपर्यंत वाचावें लागतें, आणि त्या श्रमांतच कधीं कधीं दुसरी मान टाकते. शिवाय चुकून पुसलेली ओवी चारही डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. हा पडताळा आहे, प्रत नव्हे.

अशा वेळीं पेटी पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह फार होतो. पडद्यावर ‘नव्यानें मांडणी करावी काय?’ असा प्रश्न येतो, आणि घाबरलेला मनुष्य ‘होय’ म्हणून बसतो. माझें बोट तेथपर्यंत गेलें होतें. एका जाणत्या स्नेह्यानें फोनवरून दरडावलें, ‘आधीं वीज बंद करा!’ त्यानें प्रत्येक डिस्कवर तिच्या खणाचा क्रमांक लिहविला, एकेकीची संपूर्ण नकल निराळ्या डिस्कवर उतरविली, आणि पुढचें सारें काम त्या नकलांवरच केलें. मूळ डिस्कांवर एक अक्षरही लिहूं दिलें नाहीं. जेथें वाचतां येईना तेथें यंत्र पुनः पुनः वाचीत राहिलें. (डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र घरीं कांहींच करूं नये, ती धूळविरहित दालनांत उघडणाऱ्या कारागिराकडेच द्यावी.) नऊ दिवसांनीं बहुतेक सर्व परत आलें. कांहीं छायाचित्रें अर्धींच उमटलीं. ओव्यांपैकीं तीन गेल्या.

आपल्या नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें महानुभाव पंथाचेंही तीर्थ आहे. त्या पंथाचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत, चक्रधरस्वामींचा सहवास लाभलेल्या माणसांना विचारून विचारून, सिद्ध केला. मूळ पोथी पुढें धामधुमींत नाहींशी झाली. परंतु लीळा निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणांत होत्या, म्हणून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. पाठभेद पडले, पण ग्रंथ वांचला. उलट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, तेव्हां घरांतलें कपाट आणि पेटी एकाच ढिगाऱ्याखालीं गेलीं. म्हणून माझें मत असें कीं, दुसरी प्रत त्याच घरांत नसावी. नांदेडकरानें ती लातूरच्या आप्तांकडे ठेवावी, लातूरकरानें नांदेडला, आणि सहा महिन्यांतून एकदां उघडून पाहावी. खर्चाचा आक्षेप कोणी घेईल. पण चार डिस्कांच्या पेटीपेक्षां एक सुटी डिस्क स्वस्तच पडते.

गेलेल्या तीन ओव्यांपैकीं एक लातूरच्या मावशीला पाठ निघाली. तिनें ती फोनवर म्हणून दाखविली. आई म्हणते, दुसऱ्या चरणांत आजीचा शब्द निराळा होता. मावशी ऐकत नाहीं. आम्हीं दोन्ही पाठ लिहून ठेवले आहेत, येथेंही आणि लातूरलाही.