न दिसणारा परकोट

अमरावतीचा परकोट आपण सर्वांनी पाहिला आहे. निजामी राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, पेंढाऱ्यांच्या भयाने तो बांधला गेला. पाच दरवाजे, चार खिडक्या आणि आत सुरक्षित पेठ. पण अंबादेवीचे मंदिर या भिंतीच्या आत नाही, ते अंबागेटच्या बाहेर आहे. तरीही 1927 साली त्या मंदिरात जाण्यासाठी अस्पृश्यांना सत्याग्रह पुकारावा लागला. डॉ. पंजाबराव देशमुखांनी त्याला साथ दिली. 13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. म्हणजे आम्हाला अडविणारा परकोट दगडाचा नव्हताच!

नगररचनेला केवळ इंजिनियरची बाब समजणाऱ्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. नगरात कोणत्या दिशेला कोणत्या वर्णाने राहायचे, हे तेथे ठरवून दिले आहे. चांडाळांना आणि वेद न मानणाऱ्या पाखंडींना जागा दिली आहे ती स्मशानाच्या कडेला. नकाशा आधी मनूच्या मनात तयार होतो, मग जमिनीवर उतरतो. म्हणूनच 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले. शहरात माणूस निदान अनोळखी तरी असतो, या आशेने आमचा समाज शहराकडे आला.

पण शहराने काय दिले? नाल्याकाठची, रेल्वे रुळाकडेची जागा! डिसेंबर 2020 मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु पाटी बदलली म्हणून गटार वाहते होत नाही आणि घरभाड्याच्या वेळी विचारले जाणारे आडनावही बदलत नाही.

आमच्या समाजाने मात्र शहराला नवा अर्थ दिला. अमरावतीच्या इर्विन चौकात 14 एप्रिलला उसळणारा निळा सागर, अकोल्याची अशोक वाटिका, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सोहळ्याने फुलणारे तेथील क्रिकेट क्लब मैदान, या जागा कुणी आम्हाला दान दिलेल्या नाहीत. ज्या रस्त्यावरून सावली चुकवत चालावे लागे, त्या रस्त्यावर ताठ मानेने उभे राहून आम्ही त्या मिळविल्या.

पण एका दिवसाच्या गर्दीवर समाधान मानता येणार नाही. उरलेले 364 दिवस कुणाचे? 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने प्रारूप विकास आराखड्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला दिला आहे. वाचनालय, वसतिगृह, दवाखाना, खेळाचे मैदान यांची आरक्षणे याच कागदावर पडतात आणि याच कागदावरून उठतातही. आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा आमच्या वस्तीतून किती अर्ज जातात? आमच्या शिकलेल्या तरुणांनी, इंजिनियरांनी, वकिलांनी तो नकाशा विहारात आणून वस्तीसमोर उलगडून दाखवावा.

पुतळ्याभोवतीच्या चौकावर आमचा हक्क आहेच. आता त्या चौकाला जोडणाऱ्या प्रत्येक रस्त्याचा हिशेब मागू या!