साध्या गोष्टींचे गुज

महाविद्यालयाच्या कुठल्याही वार्षिकांकाची अनुक्रमणिका चाळून पाहावी. 'हुंडा : एक सामाजिक कलंक', 'विज्ञान : शाप की वरदान', 'बेकारीचे भूत', 'आजचा तरुण आणि देश' ही शीर्षके पिढ्यान्‌पिढ्या हजेरी लावत आली आहेत. अलीकडे त्यांत पर्यावरण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची भर पडली आहे. हे विषय महत्त्वाचे आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु एक गोष्ट खटकते. विशीतली मुले-मुली जगाच्या साऱ्या समस्यांवर लिहितात. काल संध्याकाळी आपल्याला कशाने बरे वाटले, हे मात्र कुणी लिहीत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "त्यात काय लिहायचे? ते काय साहित्य झाले?"

मला वाटते, ते साहित्य आहेच. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ती मैत्री आहे. रोजच्या जगण्यातला साधा आनंद कुणा एकाला मनापासून लिहून कळवावा, यातून मैत्री जितकी घट्ट होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. आणि तो आनंदही सांगितल्यावाचून आपल्याला पुरता कळत नाही.

हे कोल्हापुरात बसून सांगावे लागावे, याचे आश्चर्य वाटते. कारण स्वतःविषयी, साध्यासुध्या गोष्टींविषयी सहज बोलल्यासारखे लिहिण्याचा जो प्रकार मराठीत लघुनिबंध म्हणून रुजला, त्याचे आपल्या गावाशी जवळचे नाते आहे. ना. सी. फडके १९२६ पासून सुमारे तेवीस वर्षे राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. याच काळात त्यांनी लिहिलेल्या या निबंधांना त्यांनी नाव दिले 'गुजगोष्टी'. हा शब्द नीट पाहिला पाहिजे. गुज म्हणजे व्यासपीठावरून सांगायची गोष्ट नव्हे. शेजारी बसलेल्याच्या कानाशी लागून सांगायची गोष्ट. म्हणजे ऐकणारा कुणीतरी जवळचा आहे, हे त्या नावातच गृहीत धरलेले आहे.

वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोडे सोडून कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. 'ययाति'साठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तो १९७४ चा. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. 'ययाति'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु 'वायुलहरी'तले त्यांचे लघुनिबंध काढून पाहावेत. एखादी क्षुल्लक वस्तू, रस्त्यात दिसलेला एखादा प्रसंग, एवढ्या भांडवलावर ते वाचकाला सोबतीला घेतात आणि फिरायला निघतात. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली, तेव्हाही ते मजकूर सांगत आणि दुसरे तो लिहून घेत. सांगण्याची ओढ डोळ्यांवर अवलंबून नव्हती.

मग हा प्रकार मागे का पडला? त्याचे मोठे कारण असे दिसते की, त्याचा साचा झाला. सुरुवातीला एखादे चमकदार विधान, मध्ये थोडा विनोद, शेवटी चिमूटभर तत्त्वज्ञान, असा ठराविक पाक सिद्ध झाला आणि जो तो त्यात आपली छत्री, आपला चष्मा, आपली सायकल बुडवून काढू लागला. टीकाकारांनी या प्रकाराला उथळ म्हटले, ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. परंतु दोष विषयाच्या लहानपणात नव्हता. दोष असा की, लिहिणाऱ्यासमोरून मित्र उठून गेला आणि त्याच्या जागी श्रोतृवर्ग येऊन बसला. मित्राला गोष्ट सांगायची असते. श्रोतृवर्गाला चकित करायचे असते. गुज संपले आणि प्रयोग सुरू झाला.

मित्र समोर ठेवून लिहिले म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण मराठीत पत्रांच्या रूपाने आहे. भारतात पोस्टकार्ड आले १८७९ साली, पाव आण्याला. तेव्हापासून किती जिवाभावाच्या गोष्टी त्या इवल्याशा पुठ्ठ्यावरून गेल्या असतील, याची गणती नाही. पण जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार त्यांतही वेगळा. जी. ए. धारवाडला इंग्रजी शिकवीत. सभा-संमेलनांपासून, गर्दीपासून कटाक्षाने दूर राहत. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांनी परत केला. अशा एकांतप्रिय माणसाने पत्रांतून मात्र मनसोक्त गप्पा मारल्या. वाचलेली पुस्तके, आवडलेली चित्रे, भेटलेली माणसे, जुन्या आठवणी, सारे काही त्या पत्रांत आले. १९८७ साली जी. ए. गेले. त्यांची पत्रे पुढे 'जी. एं.ची निवडक पत्रे' या नावाने खंडाखंडांनी निघाली. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे २००३ मध्ये 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आली. ही पत्रे वाचताना आपण कुणाच्या तरी घरात चोरून डोकावतो आहोत, असे वाटत नाही. त्या मैत्रीत आपल्यालाही थोडी जागा करून दिली आहे, असे वाटते. एकासाठी लिहिलेले अनेकांचे होते. सगळ्यांसाठी म्हणून लिहिलेले पुष्कळदा कुणाचेच होत नाही.

आता कुणी म्हणेल, जी. ए. आणि सुनीताबाईंची गोष्ट वेगळी. आमच्या मंगळवार पेठेत सांगण्यासारखे काय आहे? मी म्हणतो, काय नाही? सकाळी मिसळीच्या दुकानात बाकावर दाटीवाटीने बसायचे, कटाची वाटी पुन्हा भरून घ्यायची आणि पावाऐवजी ब्रेडच्या कापाने ती पुसून काढायची. संध्याकाळी खासबागेकडच्या भेळेच्या गाडीवर 'तिखट टाक की जरा' म्हणून हक्काने सांगायचे. रात्री जेवणे आटोपली की चालत गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायचे आणि डोळ्यांदेखत काढलेल्या म्हशीच्या दुधाचा फेसाळ पेला तोंडाला लावायचा. फुटबॉलचा हंगाम आला की शिवाजी पेठेतल्या मित्राशी दोन दिवस अबोला धरायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीवर मागे बसून रंकाळ्यावर जायचे. ही काय सामान्य संपत्ती आहे? पण आपण ती खातो, पितो, भोगतो आणि विसरतो. कोणती मिसळ खरी यावर आपण तासभर भांडू. परंतु त्या मिसळीच्या बाकावर शेजारी कोण होता, तो काय बोलला, त्या दिवशी आपले मन का हलके झाले, हे कुठे नोंदवणार नाही.

ही नोंद न करण्याची किंमत किती असते, हे कोल्हापूरकरांना ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कळले. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री आगीत सापडले. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून उभी राहिलेली ही वास्तू. आणि तिला लागूनच १९१२ चे खासबाग मैदान. आग लागल्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी आठवणी होत्या. कुणी तिथे पहिले नाटक पाहिले होते, कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनात तोंडाला रंग फासून उभा राहिला होता, कुणाला मध्यंतरातला चहा आठवत होता. ऐकणाऱ्याचेही डोळे भरून येत होते. इमारत पैसा आणि कारागिरी यांच्या बळावर पुन्हा उभी करता येते. तिचे आराखडे, छायाचित्रे कामी येतात. पण या हजारो लहान आठवणींचा आराखडा कुणापाशी आहे? आगीच्या दिवशी त्या बोलल्या गेल्या आणि आठवडाभरात विरून गेल्या. त्यांतली एखादी कुणी वेळेवर मित्राला सविस्तर लिहून कळवली असती, तर ती उरली असती. गावाचा मोठा इतिहास दप्तरखान्यात राहतो. गावाचे सुख मात्र असल्या लिखाणातच राहू शकते.

या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याचे पोट भरलेले आहे त्यानेच मिसळीवर आणि चांदण्यावर लिहावे. ज्याच्या घरात महापुराचे पाणी शिरते, ज्याची फी थकली आहे, त्याला असली चैन कशी परवडावी? २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. परंतु मराठीतले अनुभव वेगळे सांगतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, ती घरातल्या रोजच्या गोष्टींची : वडिलांच्या सोवळ्याची, रिकाम्या डब्यांची, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाची. दारिद्र्य त्यांच्या पाचवीलाच पुजलेले. तरी त्या हसत सांगतात. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात दगडू आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन रूपे एकमेकांशी बोलत बसतात. आपले दुःख सांगायलासुद्धा समोर कुणी ऐकणारा लागतो. तो नसेल तर स्वतःतूनच काढावा लागतो, असेच जणू ते पुस्तक सांगते. तेव्हा हे लिखाण केवळ सुखवस्तूंची चैन नव्हे. ज्याला दुःख सांगायचे आहे त्याला तर मित्राची गरज अधिक. आणि ज्याच्याशी आपण रोजच्या लहान गोष्टी बोलत आलो, त्याच्याशीच अडचणीच्या दिवशी मोठी गोष्ट बोलता येते. एकदम कुणी कुणापुढे मन मोकळे करत नाही.

आजच्या तरुणांनी हे सारे मोबाइलपायी घालवले, असे म्हणण्याची आता रीत पडली आहे. मला ती पटत नाही. दोष यंत्राचा नाही. त्याच यंत्रावर मित्राला दोन पाने लिहिता येतात आणि ती क्षणात त्याच्याकडे पोहोचतात. खांडेकरांच्या पिढीला हे भाग्य नव्हते. अडचण एवढीच की, आपण त्यावर बहुधा दुसऱ्याने तयार केलेले पुढे ढकलतो. सकाळी आलेला सुविचार दोनशे जणांना जातो. त्यातला एकही 'हे माझ्यासाठी आहे' असे समजत नाही. जेवणाच्या ताटाचे छायाचित्र पाठवले की ताट दिसते, पण ते ताट वाढताना आजी काय म्हणाली, ते त्यात येत नाही. ते लिहावेच लागते. आणि मंगळवार पेठेतला मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की, त्याला 'जेवलास का?' एवढे विचारून भागत नाही. आज कोपऱ्यावर काय घडले, तालमीत कोण कुणाशी भांडले, पहिला पाऊस पडला तेव्हा गल्लीला कसा वास सुटला, हे त्याला कळवले, तर तो आपल्या खोलीत बसून थोडा वेळ पेठेत येऊन जातो.

म्हणून या अंकाच्या संपादक मंडळाला एक सूचना करावीशी वाटते. पुढच्या वर्षीपासून अंकात निदान चार पाने 'गुज' म्हणून राखून ठेवावीत. त्यांत निबंध नको, स्पर्धा नको, बक्षीस नको. प्रत्येकाने आपल्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला उद्देशून, त्या वर्षात आपल्याला लाभलेल्या एका साध्या सुखाविषयी एक पान लिहावे. नियम दोनच : ज्याला लिहायचे तो खरोखरीचा असावा, आणि शेवटी तात्पर्य काढू नये. भाषा कोल्हापुरी असली तरी चालेल. 'काय भावा' म्हणून सुरुवात केली तर अधिकच बरे. शुद्धलेखनाच्या चुका संपादक सुधारतील; मजकुराला मात्र त्यांनी हात लावू नये.

अशी पाने निघाली, तर पन्नास वर्षांनी कुणी हा अंक उघडेल तेव्हा 'बेकारीचे भूत' त्याला नवे वाटणार नाही. ते त्याच्याही अंकात असेल. पण या पेठेतली दोन मुले एका संध्याकाळी कशाला हसत होती, हे त्याला दुसरीकडे कुठेच वाचायला मिळणार नाही.