जिवंत माणसाचे दप्तर

अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या कचेरीत 2001 सालापासून एक दप्तर चालू आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत ज्या शेतकऱ्यांनी आपला जीव आपल्या हाताने संपविला, त्यांची नोंद त्यात होते. पंचनामा होतो, सातबाऱ्याचा उतारा जोडला जातो, बँकेचा अगर परवानाधारक सावकाराचा बोजा किती होता, नापिकी झाली होती काय, वसुलीचा तगादा लागला होता काय, याची चौकशी होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ते प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरविते. पात्र ठरलेल्या कुटुंबास 1 लाख रुपये मिळावेत, त्यांपैकी 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीच्या रूपाने, असा शिरस्ता 2006 पासून पडला. ज्या घरचा कर्ता पुरुष गेला त्या घरास ही रक्कमही आधार वाटते, म्हणून या शिरस्त्याची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु या दप्तराला एक जन्मजात वैगुण्य आहे: माणूस मेल्यावाचून ते उघडतच नाही. जाणाऱ्याची झोप किती दिवसांपासून उडाली होती, त्याला अन्न गोड लागत होते काय, त्याने कोणापाशी मन मोकळे केले होते काय, आणि केले असल्यास ऐकणाऱ्याला पुढे काय करावे हे ठाऊक होते काय, यासाठी त्यात एकही रकाना नाही.

असा रकाना असलेले, म्हणजे जिवंत माणसाचे दप्तर वऱ्हाडात उघडले पाहिजे. लोकांच्या शरीरस्वास्थ्याचे, मनःस्वास्थ्याचे आणि त्यांना गावातच मिळणाऱ्या आधाराचे शास्त्रशुद्ध संशोधन हे सेवेचे नित्य अंग झाले पाहिजे, असे माझे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनावर जे आक्षेप पारावर, कचेरीत आणि विद्वानांच्या सभेत घेतले जातात, ते दुर्बळ नाहीत. म्हणूनच त्यांचा एकेक करून परामर्श घेणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' अशी ज्या प्रांताची ख्याती होती, तेथला कोरडवाहू कापूस पावसाच्या लहरीवर आणि बाजाराच्या भावावर लोंबकळत आहे. अशा वेळी शेतकऱ्याला पाणी द्यावे, रास्त भाव द्यावा, वेळेवर कर्ज द्यावे, ते सोडून त्याच्या मनाची परीक्षा घेत बसणे म्हणजे अन्यायाला आजाराचे नाव देणे होय, असे हे आक्षेपक म्हणतात. त्यांच्या म्हणण्याचा पूर्वार्ध मला अक्षरशः मान्य आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही. एकाच बांधाच्या दोन बाजूंना, सारख्याच बोज्याखाली, एक मनुष्य टिकतो आणि दुसरा कोसळतो. शिवाय ज्यांच्या नावावर सातबाराच नाही अशा स्त्रिया आणि मजूर याच दुःखाने खंगतात, ते या हिशेबात येतच नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या बळावर माणूस बँकेच्या पायऱ्या चढतो, दरखास्त लिहितो, मोर्चात उभा राहतो, तेच बळ विषण्णतेचा आजार प्रथम हिरावून घेतो. त्या आजारातून उठलेला माणूस आपल्या हक्कासाठी अधिक लढेल, कमी नव्हे. सरकार समुपदेशनाच्या आडोशाला लपून भावाचा प्रश्न टाळील ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय संशोधन टाळण्यात नाही, तर ज्या नोंदवहीत मनाची अवस्था लिहावयाची त्याच नोंदवहीत कर्ज, पीक आणि पाणी यांची अवस्थाही लिहिण्यात आहे. दोन्ही शेजारी शेजारी लिहिली गेली म्हणजे एकीच्या आड दुसरी लपविणे कोणालाही साधणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, खेड्यातला मनुष्य अशा गोष्टी बोलणारच नाही. वेडाचा शिक्का बसेल, मुलीचे लग्न मोडेल, या धाकाने तो तोंड मिटून राहील. हा आक्षेप तर्काने खोडण्याची गरजच नाही, कारण अमरावती जिल्ह्यातील 30 गावांनी तो प्रत्यक्ष आचरणाने खोडून काढला आहे. 'विश्राम' या नावाचा उपक्रम तेथे झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या आजाराविषयी बोलावे आणि पहिला धीर द्यावा, ज्यांना अधिक गरज असेल त्यांच्याशी प्रशिक्षित समुपदेशकाने बसून बोलावे, आणि ज्यांचे दुखणे त्याहूनही खोल असेल त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पोचवावे, अशी त्याची पायरीपायरीची रचना होती. आरंभी, म्हणजे डिसेंबर 2013 ते मार्च 2014 या काळात, 1,456 लोकांची पाहणी झाली. विषण्णतेने ग्रासलेल्या शंभर माणसांपैकी त्या वेळी अवघी 4.3 माणसे उपचारासाठी कोणाकडे तरी गेली होती. दीड वर्षाने, 2015 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, 1,887 लोकांची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा हाच आकडा 27.2 वर गेला होता. ही वाढ स्त्रीपुरुष, शिकलेले-न शिकलेले, गरीब-सधन, भिन्न धर्म आणि भिन्न जाती यांत समप्रमाणात वाटली गेली होती. आणि बहुतेकांनी गाठले ते मनोविकारतज्ज्ञांना नव्हे, तर नेहमीच्या साध्या डॉक्टरांना. ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार गेल्या वर्षभरात आले होते अशांचे प्रमाणही 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर उतरल्याचे 2017 साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या पाहणीत तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती. आधी आणि नंतर असे एकाच प्रदेशाचे हे मोजमाप होते, म्हणून घडलेल्या प्रत्येक सुधारणेचे श्रेय उपक्रमालाच द्यावे असे शास्त्र सांगत नाही. परंतु 'खेड्यातला माणूस बोलणारच नाही' एवढ्याच विधानाचा निकाल लावावयाचा असेल, तर त्याला हा पुरावा पुरेसा आहे. वऱ्हाडी माणूस बोलत नव्हता, कारण त्याला कोणी विचारीत नव्हते.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांचा आहे. मन ही नाजूक वस्तू. दहावी-बारावी झालेल्या आशाताईंच्या हाती ती सोपविणे म्हणजे हेळसांड होय, असे त्यांचे म्हणणे. या धर्तीचा आक्षेप महाराष्ट्राने पूर्वीही ऐकला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतील स्त्रियांना नवजात बालक तोलणे, त्याचे तापमान पाहणे, जंतुदोष ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकविले, तेव्हाही हे काम डॉक्टरांचेच असे म्हणणारे होते. शेजारच्या 47 गावांशी काटेकोर तुलना करून 1999 साली जो निष्कर्ष जगापुढे आला तो असा की, त्या 39 गावांत नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले; आणि पुढे तीच पद्धती देशभरच्या आशांच्या कर्तव्यांत समाविष्ट झाली. आमच्या मेळघाटात, धारणीजवळच्या उतावलीस, डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने रुग्णालय चालवीत असतानाच कोरकू आदिवासींच्या पाड्यांतून गावच्याच स्त्रियांकरवी बालकांची काळजी आणि तिचे मोजमाप ही दोन्ही कामे एकत्र केली. जेथे आजारी लेकराला भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेऊन पोटावर डंबा, म्हणजे तापल्या लोखंडाचा डाग, देण्याची रूढी होती, तेथे ओळखीच्या बाईचा शब्दच प्रथम ऐकला जाणे स्वाभाविक होते. मनाच्या आजाराबद्दल म्हणाल, तर गोव्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या चाचणीत सामान्य शिक्षण झालेल्या समुपदेशकांनी तीव्र विषण्णतेच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी 64 टक्के आजारातून बाहेर आले होते, आणि केवळ नेहमीची सुधारित काळजी मिळालेल्यांपैकी 39 टक्के. तज्ज्ञाची महती यात कमी होत नाही. त्याने शिकवावे, देखरेख करावी, अवघड रुग्ण पाहावा. पण जेथे तज्ज्ञ पोचतच नाही, तेथे 'तज्ज्ञच हवा' असा आग्रह धरणे म्हणजे कोणीही नको असे म्हणणेच आहे.

चौथा आक्षेप श्रद्धावंतांचा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. शेंडगावच्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, यावलीच्या तुकडोजी महाराजांनी मोझरीस गुरुकुंज वसविले, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली अमरावतीलगत तपोवनात कुष्ठरोग्यांना घर दिले. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपले नाव दिले. यांपैकी कोणी प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या? सेवेला करुणा पुरते, आकडे कशाला, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तपोवनाच्या कथेतच आहे. पटवर्धनांच्या करुणेने कुष्ठरोग्याला माणूसपण दिले. पण त्याच्या शरीरातील रोग निखालस बरा करण्याची किल्ली संशोधकांच्या हाती होती, आणि 1980 नंतर बहुविध औषधांचा उपचार रूढ झाला तेव्हा कुष्ठरोगी हा आयुष्यभर आश्रमात राहण्यास बांधलेला मनुष्य उरला नाही. करुणा नसती तर ते औषध देण्यासाठी रोग्याजवळ कोणी गेले नसते. संशोधन नसते तर जवळ गेलेल्याच्या हातात औषध नसते. या दोन गोष्टींत वैर कल्पिणे हे त्या थोर पुरुषांच्या कार्याचे अर्धेच वाचन आहे.

मात्र या आक्षेपाच्या पोटात एक रास्त तक्रार दडलेली आहे, आणि तिचे खंडन मी करणार नाही. पाहणीवाले येतात, घरोघर तास तास बसतात, दुःखे विचारून घेतात आणि निघून जातात. त्यांचे निबंध परदेशी नियतकालिकांत इंग्रजीत छापले जातात, आणि ज्या बाईने चूल थांबवून उत्तरे दिली तिला तिच्याच गावाविषयी काय आढळले हे कधी कळत नाही. असे संशोधन कितीही शास्त्रशुद्ध असो, ते गावाचे देणे बुडविते.

म्हणून मंडनाचा भाग येथून सुरू होतो. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, उत्साह आणि निराशा यांविषयीचे नऊ साधे प्रश्न ठराविक काळाने, संपूर्ण गुप्तता राखून, विचारले जावेत. विचारण्यापूर्वी उत्तराची तजवीज झालेली असावी: केंद्रात औषध असावे, आणि अमरावतीच्या इर्विन रुग्णालयातून व अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून मनोविकारतज्ज्ञ ठरल्या वारी ग्रामीण रुग्णालयात बसावा, कारण ज्या दुःखावर देण्यासारखे काहीच जवळ नाही ते दुःख उकरून काढणे क्रूरपणाचे आहे. शासनाने 2015 साली 'प्रेरणा' प्रकल्प 14 जिल्ह्यांत सुरू करून आशांना हे काम सांगितलेच आहे. पण योजना सुरू करणे वेगळे आणि तिचा गुण तपासणे वेगळे. तो तपास दोन्ही शहरांतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनवैद्यकशास्त्र विभागांकडे कायमचा सोपवावा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची जी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते, तिचाही निवाडा अफवांनी अगर भाषणांनी न होता याच नोंदवहीतून व्हावा. आशाताईला कामागणिक तुटपुंजा मोबदला देऊन तिच्यावर हे ओझे टाकणे अन्यायाचे होईल; तिला ठरलेले वेतन हवे. आणि वर्षातून एकदा, कोणाचेही नाव न घेता, त्या त्या गावाचे निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचून दाखविले जावेत, म्हणजे गावाचे ऋण गावातच फिटेल.

इतके करूनही सर्वांपर्यंत आपण पोचू असा भ्रम मला नाही. त्या 30 गावांत मनापासून काम झाल्यानंतरही शंभर पीडितांपैकी जवळजवळ 73 जण उपचाराविना राहिले होते. परंतु ते 73 आहेत हे आज आपल्याला सांगता येते, कारण तेथे कोणीतरी मोजले. वऱ्हाडातील उरलेल्या हजारो गावांत असे किती आहेत, ते मोजण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.