घर घ्यायचंय? मग दुकानात ओटीपी देताना हात आवरा

मंडळी, आज वाढवण बंदर नाही, लोकलच्या फेऱ्या नाहीत. आज सिबिलवर लिहायचंय, कारण त्या सिबिलपायी आपल्या नरपडच्या एका पोराचं घर अडकलंय.

नाव लिहीत नाही. तारापूर एमआयडीसीत पर्मनंट आहे, हातात 45 हजार येतात. लग्न ठरलंय. बोईसरला वन बीएचके बघितला, टोकन दिलं आणि 25 लाखांच्या कर्जासाठी बँकेत गेला. साहेबांनी स्क्रीनकडे बघत सांगितलं, "चार महिन्यांत नऊ एन्क्वायऱ्या आहेत तुमच्या नावावर. सहा महिने थांबा." पोराचा आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. तो बाहेर येऊन मलाच विचारतो, "दादा, मी नऊ कर्जं कधी मागितली?"

आम्ही दोघं रिपोर्ट काढून बसलो. दिवाळीला मोबाईल घेतला, तेव्हा दुकानात टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याने "कुठे चांगली ऑफर बसते बघू" म्हणत तीन कंपन्यांत अर्ज टाकला. तीन ओटीपी, तीन एन्क्वायऱ्या. मग दोन ॲप, "तुमची लिमिट बघा" म्हणणारे. बोरिवलीच्या मॉलमध्ये एका मुलीने गळ घातली म्हणून क्रेडिट कार्डाचा फॉर्म. एक बाईक. आणि शेवटच्या दोन होमलोनच्या एजंटाने, न विचारता दोन बँकांत फाइल टाकून. झाले नऊ. त्यातली खरी कर्जं दोनच, मोबाईल आणि बाईक.

आता नीट समजून घ्या. आपला रिपोर्ट आपण स्वतः बघितला तर स्कोअरला काही होत नाही. पण कर्ज देणाऱ्याने तो आपल्या अर्जावरून मागवला की त्याचं नाव, तारीख, रक्कम नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की बँक समजते, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. कर्ज मिळालं की नाही हा प्रश्नच वेगळा, मागितल्याचीच नोंद होते.

आणि मिळालेल्या कर्जाचा मार निराळाच. बाईकचा हप्ता 4 हजार. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांच्या गृहकर्जाला लाखामागे साधारण 868 रुपये हप्ता बसतो. म्हणजे त्या 4 हजारांनी घराचं साडेचार लाखांचं कर्ज खाल्लं. कित्येक बँकांचा व्याजदरही स्कोअर बघून ठरतो. अर्धा टक्का जास्त लागला तर 25 लाखांवर महिन्याला 800 रुपये, 20 वर्षांत एक लाख नव्वद हजारांच्या आसपास. मोबाईल होता 22 हजारांचा!

यावर काही ज्येष्ठ म्हणतील, कोणी सांगितलं होतं हप्त्यावर मोबाईल घ्यायला? काका, उधारी आपल्याला नवी नाही. चिकूच्या वाडीवर व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल कोण घेत होतं? जाळ्यासाठी, डिझेलसाठी उसने कोण घेत होतं? फरक इतकाच की व्यापाऱ्याची वही व्यापाऱ्यापाशी राहायची. आजची वही तुमच्या अर्जावरून कुठलीही बँक उघडते, आणि ती लिहिली जातेय हे ज्याच्या नावावर आहे त्यालाच ठाऊक नसतं. पोराची चूक आहेच, इंग्रजी मजकूर न वाचता ओटीपी दिला. पण दिवाळीच्या गर्दीत तो मजकूर वाचायला वेळ कोण देतो? टेबलामागचा पोरगा तरी? त्याला टार्गेट असतं.

नियम नाहीत असं नाही. चार क्रेडिट ब्यूरो आहेत, प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, 2017 पासून. कोणी रिपोर्ट बघितला तर एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. चुकीच्या नोंदीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, हे 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागता येतं. आणि ज्याने आयुष्यात कर्जच घेतलेलं नाही, त्याला केवळ सिबिल नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलंय. तरीही "आधी एखादं छोटं कर्ज काढा, सिबिल तयार होईल" असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातूनच पोरं मोबाईलच्या टेबलावर जातात.

मला विचाराल तर, घराचा विचार डोक्यात आला त्या दिवसापासून नवीन अर्ज बंद. किमान सहा महिने. कार्ड नको, "नो कॉस्ट" हप्ता नको (तेही कर्जच आहे), मित्राच्या गाडीला जामीनही नको, कारण तेही तुमच्या रिपोर्टात येतं. आधी स्वतःचा रिपोर्ट काढा, मग एक-दोन बँकांत स्वतः जाऊन दर विचारा. नुसता दर विचारायला पॅन नंबर लागत नाही. एजंट ठेवलात तर "कुठल्या बँकेत फाइल टाकणार" हे आधी लिहून घ्या आणि तेवढ्याच बँकेचं बोला.

पण सगळा भार गिऱ्हाईकावर टाकून मी मोकळा होणार नाही. डहाणू रोडच्या दुकानदारांना माझा थेट प्रश्न आहे. तुमच्या दुकानात जो टेबल टाकून बसतो, त्याच्या समोर मराठीत एक पाटी लावायला किती खर्च येतो? "ओटीपी दिलात की तुमच्या नावावर कर्जाच्या चौकशीची नोंद होईल." बस, एवढंच. दिल्लीच्या हुकमाची वाट बघायची गरज नाही. ज्याला गिऱ्हाईक कळूनसवरून हवंय तो लावेल. जो लावणार नाही, त्याने का लावत नाही ते सांगावं, मी इथेच छापतो. पुढच्या आठवड्यात सागर नाक्यापासून दुकानं फिरायला सुरुवात करतोय.

तोवर आपापला रिपोर्ट काढून बघा. न मागितलेल्या कर्जाची चौकशी दिसली तर मला मेसेज करा. फक्त पॅन, आधार, ओटीपी पाठवू नका. मलाही नाही.